जुक्कल-बिचकुंद्याच्या वाटेवर स्वामीजी

नांदेडहून नरसीमार्गे दक्षिणेला निघालेला राष्ट्रीय महामार्ग सुमारे ८० किलोमीटरवर देगलूरला येतो आणि पुढे मदनूर, पिटलम, जोगीपेट, संगारेड्डी करत हैदराबादला जातो. देगलूरच्या बाजारात मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी उर्दू या चारही भाषांत सौदे होतात. तूर, मूग, उडीद, सोयाबीन घेऊन आलेला शेतकरी मराठीत भाव विचारतो. अडत्या मुनीमाशी तेलुगूत बोलतो, हमाल एकमेकांना दखनीत हाका मारतात. दक्षिणेला हाणेगावच्या पुढे गेलात की कर्नाटकातला औराद तालुका लागतो. पूर्वेला तेलंगण तर हाकेच्या अंतरावर आहे.

बहुतेक प्रवासी देगलूरहून होट्टलची वाट धरतात. होट्टलची चालुक्यकालीन मंदिरे पाहण्यासारखी आहेतच. सिद्धेश्वराच्या मंदिराच्या बाह्य भिंतीवरच्या सुरसुंदरींसमोर तास निघून जातो. आमच्या मनात मात्र या खेपेला वेगळीच वाट होती. देगलूर तालुक्याचे दोन तुकडे १९५६ साली दुसऱ्या राज्यात गेले, ते बघायचे होते. त्यानंतर, ज्याच्या आग्रहामुळे ही वाटणी झाली त्या माणसाच्या खुणा शोधत लातूर-धाराशिवकडे सरकायचे होते. तो माणूस म्हणजे स्वामी रामानंद तीर्थ. मराठवाड्यात त्यांच्या नावाचे विद्यापीठ आहे, वैद्यकीय महाविद्यालय आहे, चौक आहेत. त्यांचा जन्म मराठवाड्यातला नव्हता, हे तिथे शिकणाऱ्या किती मुलांना ठाऊक असते कोण जाणे.

सीमेचा कायदा कोरड्या भाषेतला आहे. राज्य पुनर्रचना कायद्यानुसार १ नोव्हेंबर १९५६ रोजी नांदेड जिल्हा मुंबई राज्यात आला. मात्र त्यातून देगलूर तालुक्यातली बिचकुंदा व जुक्कल ही दोन सर्कले आणि मुधोळ तालुक्यातली मुधोळ, भैंसा, कुबेर ही सर्कले वगळली गेली. बदल्यात आदिलाबाद जिल्ह्यातून किनवट तालुका आणि बोथ तालुक्यातले इस्लापूर सर्कल आले. राजुराही त्याच जिल्ह्यातून आला. बिदर जिल्ह्यातून अहमदपूर, निलंगा आणि उदगीर हे तीन तालुके मिळाले, आणि आजच्या लातूर जिल्ह्याचा मोठा भाग त्यांतूनच उभा आहे. एका परिच्छेदाच्या कलमाने हजारो घरांचा तहसील, न्यायालय आणि शाळेची भाषा बदलली.

देगलूर सोडल्यावर थोड्याच वेळात पाट्यांवरची लिपी गोल होते. रस्ता तोच, काळी जमीन तीच, तुरीच्या ओळीही तशाच. जुक्कलच्या बाजूला एका हॉटेलात चहाला थांबलो. शेजारच्या बाकावर धोतर-टोपीतले एक आजोबा बसले होते. आमचे बोलणे ऐकून म्हणाले, "पावणं देगलूरकडचं का?" हो म्हटल्यावर ते जवळ सरकले. "आमचं गाव पैले देगलुरातच व्हतं. माझ्या बापाचे जमिनीचे कागद तिथल्याच कचेरीतले. मुलगी दिली ती बी तिकडंच. आता पोरं तेलुगूत शिकतेत, घरात मराठी बोलतेत." त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. जावयाचे गाव कोणते आणि या वर्षी उडदाला भाव काय, यावर ते अधिक तपशिलाने बोलले.

तक्रार आता उलट दिशेने येते. तेलंगण सरकारने २०१८ साली शेतकऱ्यांना एकरी थेट मदत देणारी रयतू बंधू योजना सुरू केली, तेव्हा धर्माबादच्या बाजूच्या अनेक गावांनी आम्हाला तेलंगणात घ्या अशी मागणी केली होती. मराठी बोलणाऱ्या गावांनी मराठी राज्य सोडायची भाषा करावी, हे मुंबई-पुण्याला धक्कादायक वाटले. सीमेवर राहणाऱ्याला पलीकडच्या शेतकऱ्याला मिळणारी मदत रोज दिसत असते. त्याच्यापुढे भाषेचा अभिमान आणि शेतीचा हिशेब दोन्ही असतात, आणि त्याने हिशेबाकडे पाहिले तर त्याला दोष देता येत नाही.

आता हैदराबादच्या जुन्या राज्याबद्दल सांगायला हवे, कारण त्याशिवाय स्वामीजी कळत नाहीत. निजामाचे राज्य सोळा जिल्ह्यांचे होते. १९४१ च्या खानेसुमारीत लोकसंख्या एक कोटी त्रेसष्ट लाखांच्या घरात भरली. त्यातले जवळजवळ निम्मे लोक तेलुगू बोलत, चौथ्या हिश्श्याहून थोडे अधिक मराठी, तर कन्नड आणि उर्दू बोलणारे त्याहून कमी. कारभाराची भाषा उर्दू होती. १९१८ साली स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमाचेच. सभा भरवायची तर सरकारी परवानगी लागे. शाळा काढायला परवानगी लागे, व्यायामशाळेलासुद्धा लागे. आणखी एक जुना वाद या राज्यात धुमसत होता, मुल्की (स्थानिक) आणि गैरमुल्की (बाहेरचे) यांचा. पहिल्या सालारजंगांनी एकोणिसाव्या शतकात कारभार सुधारण्यासाठी उत्तर हिंदुस्थानातून शिकलेले अधिकारी आणले, तेव्हापासून बाहेरून आलेला माणूस इथे संशयाचा विषय होता.

अशा राज्यात १९२९ च्या सुमारास एक आजारी, सडपातळ तरुण शिक्षक म्हणून आला. व्यंकटेश भवानराव खेडगीकर हे त्याचे नाव. जन्म ३ ऑक्टोबर १९०३ चा, विजापूर जिल्ह्यातल्या सिंदगीचा, म्हणजे इंग्रजी मुंबई इलाख्यातल्या कानडी मुलुखातला. शिक्षण सोलापुरात, मग पुण्यात. टिळक गेले त्या दिवशी, १९२० च्या ऑगस्टमध्ये, शाळकरी व्यंकटेशने अविवाहित राहून देशसेवा करण्याची शपथ घेतली. टिळक महाराष्ट्र विद्यापीठातून त्याने लोकशाहीच्या विकासावर प्रबंध लिहून एम.ए. केले. त्यानंतर कामगार पुढारी ना. म. जोशी यांचा तो चिटणीस झाला. गिरणी कामगारांचे प्रश्न, संघटना, ठराव यांची तालीम तिथे झाली. पुढे प्रकृती ढासळली आणि हवापालटासाठी म्हणून तो हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आला.

देगलूरहून हिप्परग्याला जायचे तर करडखेड, मुक्रमाबादवरून आधी उदगीर गाठावे लागते. उदगीरच्या किल्ल्याबद्दल इथे थोडक्यात एवढेच, की १७६० साली सदाशिवरावभाऊंनी निजामाचा पराभव केला तो याच परिसरात, आणि दुसऱ्याच वर्षी भाऊ पानिपतावर पडले. उदगीरहून लातूर, तिथून औशाच्या अंगाने दक्षिणेला गेले की धाराशिव जिल्ह्यातला लोहारा तालुका लागतो. हा सगळा पट्टा ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाने हादरलेला. किल्लारी आणि सास्तूर ही नावे त्या पहाटेने घराघरांत पोचवली. पुनर्वसित गावांच्या सरळ रेषेतल्या घरांमधून जाताना जुनी दगडी गावे कशी असतील याचा अंदाज फक्त शिल्लक वाड्यांवरून करता येतो.

हिप्परगा हे साधे खेडे आहे. इथे १९२१ साली, असहकाराच्या लाटेत, व्यंकटराव देशमुख आणि अनंतराव कुलकर्णी यांनी राष्ट्रीय शाळा काढली. निजामाच्या राज्यात, सरकारी उर्दू शाळांच्या जगात, मराठीतून शिकवणारी आणि सूतकताई करवून घेणारी ही शाळा. आज हा भाग पाहिल्यावर पहिला प्रश्न मनात येतो तो असा की पुण्या-मुंबईत शिकलेली माणसे या आडवळणाला का राहिली असतील. उत्तर इथल्या बंदीत आहे. राजकीय सभेला परवानगी नव्हती, पक्ष काढणे अशक्य होते. वर्तमानपत्रही हद्दीबाहेर छापून आणावे लागे. शाळा तेवढी काढता येत होती. म्हणून राजकारण शाळेत राहायला आले. खेडगीकर मुख्याध्यापक झाले. १४ जानेवारी १९३० रोजी, संक्रांतीच्या दिवशी, त्यांनी संन्यास घेतला आणि ते स्वामी रामानंद तीर्थ झाले. संन्यासी मठात जातात. हे पुन्हा वर्गात गेले.

१९३५ मध्ये ते अंबाजोगाईला गेले. तिथल्या योगेश्वरी शिक्षण संस्थेच्या शाळेत बाबासाहेब परांजपे यांच्यासह त्यांनी काम केले. योगेश्वरीच्या मंदिराकडे जाणाऱ्या गर्दीतून थोडे बाजूला झालात तर या संस्थेच्या इमारती दिसतात. मराठवाड्याच्या राजकारणातली एक पिढी इथल्या आणि हिप्परग्याच्या वर्गांतून घडली. आज पुढाऱ्यांनी शिक्षणसंस्था काढण्याची रीत आहे. इथे क्रम उलटा होता, आधी शाळा आणि मग त्या शाळेतून पुढारी. हा फरक मला मोठा वाटतो.

बाहेरून येऊन नव्या मुलुखात पाय रोवणारा आणखी एक माणूस इथे मला आठवतो, कार्ल शुर्त्झ. कोलोनजवळच्या लिब्लार गावात १८२९ साली जन्मलेला हा जर्मन मुलगा बॉन विद्यापीठात शिकत असताना १८४८ च्या क्रांतीत उतरला. क्रांती फसली. १८४९ मध्ये रास्टाटचा किल्ला प्रशियन फौजेच्या हाती पडला, तेव्हा तो गटारातून निसटला. त्याचे प्राध्यापक गॉटफ्रीड किंकल जन्मठेप भोगत होते. १८५० च्या नोव्हेंबरमध्ये शुर्त्झने त्यांना बर्लिनजवळच्या श्पांडाऊच्या तुरुंगातून सोडवून नेले. शिष्याने गुरूला तुरुंगातून बाहेर काढण्याची ही गोष्ट युरोपभर गाजली. १८५२ मध्ये तो अमेरिकेत पोचला, विस्कॉन्सिनमध्ये स्थायिक झाला, इंग्रजी शिकला आणि आठ वर्षांत अब्राहम लिंकनच्या प्रचारासाठी जर्मन मतदारांपुढे भाषणे देत फिरू लागला. गुलामगिरीविरुद्ध जर्मन स्थलांतरितांचे मत वळवण्यात त्याचा मोठा वाटा होता. लिंकनने त्याला स्पेनमध्ये राजदूत म्हणून पाठवले. तिथून परतून तो यादवी युद्धात सेनानी झाला. १८६९ ला मिसुरी राज्यातून सिनेटमध्ये गेला, आणि तिथे बसणारा तो जर्मनीत जन्मलेला पहिला माणूस. १८७७ ते १८८१ या काळात तो अमेरिकेचा अंतर्गत खात्याचा मंत्री होता. त्याच्या खात्याकडे सार्वजनिक जमिनी आणि मूळ रहिवासी जमातींचा कारभार होता, आणि वशिल्याऐवजी परीक्षेने नोकऱ्या द्याव्यात हा त्याचा आग्रह होता.

दोघांत फरक भरपूर आहेत. शुर्त्झ सत्तेत गेला, पक्ष बदलत राहिला, मोठी पदे भूषवली. स्वामीजी कधी मंत्री झाले नाहीत. पण एक गोष्ट मला दोघांत सारखी दिसते. बाहेरून आलेला माणूस नव्या मुलुखात उपरा म्हणून दबून राहिला नाही. जिथे राहतो तिथल्या कारभाराचा जाब विचारण्याचा हक्क त्याने गृहीत धरला. शुर्त्झने अमेरिकेच्या विस्तारवादाला, सांतो दोमिंगो जोडून घेण्यापासून फिलिपीन्सपर्यंत, आयुष्यभर विरोध केला. स्वामीजींनी निजामाच्या राज्याच्या अस्तित्वालाच आव्हान दिले.

या आव्हानाचा पहिला उघड टप्पा १९३८ चा. १९३७ मध्ये परतूरला गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखाली महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले, पुढचे लातूरला झाले. तेलुगू भाषकांची आंध्र महासभा त्याआधीच सुरू झाली होती. तिचे पहिले अधिवेशन १९३० मध्ये सुरवरम प्रताप रेड्डी यांच्या अध्यक्षतेखाली जोगीपेटला झाले, म्हणजे देगलूर-हैदराबादच्या याच रस्त्यावर. प्रत्येक भाषेची परिषद वेगळी होती. पूर्ण राज्याची एकच संघटना हवी म्हणून हैदराबाद स्टेट काँग्रेसची तयारी झाली. ती रीतसर स्थापन होण्याआधीच सप्टेंबर १९३८ मध्ये सरकारने तिच्यावर बंदी घातली. जन्मायच्या आधी बंदी आलेला पक्ष जगात फारसा सापडायचा नाही. ऑक्टोबरमध्ये सत्याग्रह सुरू झाला, शाळा सोडून आलेले स्वामीजी तुरुंगात गेले. शुर्त्झने गुरूला तुरुंगाबाहेर काढले, इथे गुरूच आत गेला आणि शिष्य त्याच्या मागोमाग चळवळीत आले. त्याच वर्षी उस्मानियाच्या वसतिगृहांत वंदे मातरम् म्हणण्यावरून विद्यार्थ्यांचे आंदोलन पेटले. त्यात काढून टाकलेल्या मुलांपैकी पी. व्ही. नरसिंह राव नागपूरला जाऊन शिकले. पुढे ते पंतप्रधान झाले आणि स्वामीजींना अखेरपर्यंत गुरुस्थानी मानत राहिले.

बंदी उठायला १९४६ चा जुलै उजाडला. त्याच वर्षी देगलूरच्या उत्तरेला, बिलोली तालुक्यातल्या अर्जापूरजवळ निजामाविरुद्धच्या चळवळीतले कार्यकर्ते गोविंदराव पानसरे मारले गेले. अर्जापूरचे महाविद्यालय त्यांच्या नावाने आहे. नांदेडहून देगलूरला जाणाऱ्या माणसाने तिथे वाट वाकडी करून जावे. जून १९४७ मध्ये मुशीराबादला स्टेट काँग्रेसचे अधिवेशन भरले. अध्यक्ष स्वामीजी होते. ७ ऑगस्टला भारतात सामील होण्याची मागणी करणारा दिवस पाळला गेला आणि १५ ऑगस्टला ते पुन्हा गजाआड होते. सगळा देश झेंडे लावत असताना हैदराबादेत झेंडा लावणे हा गुन्हा होता. सीमेवर छावण्या उभ्या राहिल्या. नांदेड जिल्ह्याला जवळची म्हणजे वऱ्हाडातल्या उमरखेडची. जानेवारी १९४८ मध्ये उमरी येथील बँकेवर कार्यकर्त्यांनी छापा घातला. निजामाची बाजू घेणाऱ्या सशस्त्र रझाकारांच्या धाडी, पळून गेलेली गावे, जाळलेली घरे, हे सगळे देगलूर-बिलोलीच्या म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात अजून येते. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय सैन्य आत आले आणि १७ तारखेला निजाम शरण आला. त्या काळात आणि त्यानंतरही सूडाच्या नावाखाली अनेक निरपराध मुसलमान कुटुंबे मारली गेली, लुटली गेली. या भागाचा प्रवास लिहिताना तेही लिहिलेच पाहिजे. स्वामीजींचा लढा एका राजवटीशी होता, तो कुणाच्या धर्माशी नव्हता, आणि हे त्यांनी वारंवार सांगितले.

आता सीमेकडे परत येतो. निजामाचे राज्य गेल्यावर हैदराबाद हे एकच राज्य ठेवावे असे अनेकांना वाटत होते. पंडित नेहरूंनाही तिथल्या मिश्र संस्कृतीबद्दल ममत्व होते, आणि भाषेच्या नावाने हे राज्य फोडावे असे त्यांच्या मनात नव्हते. डिसेंबर १९५३ मध्ये फाजल अली आयोग नेमला गेला. त्याने १९५५ च्या अहवालात मराठवाडा मुंबई राज्यात आणि कानडी जिल्हे कर्नाटकात घालावेत, पण तेलुगू जिल्ह्यांचे वेगळे हैदराबाद राज्य तूर्त ठेवावे असे सुचवले. राज्य तोडलेच पाहिजे, असे पक्षाच्या आत नेटाने मांडणाऱ्यांत स्वामीजी आघाडीवर होते. शेतकऱ्याला न कळणाऱ्या भाषेत कारभार चालला तर स्वातंत्र्य त्याच्यापर्यंत पोचणार नाही, ही त्यांची भूमिका होती. हिप्परग्याच्या शाळेत मुलांना त्यांच्या भाषेत शिकवणारा शिक्षकच त्यातून बोलत होता.

आणि इथेच या माणसाबद्दलचा माझा आदर सर्वांत जास्त आहे. ज्या राज्यात त्यांची राजकीय शक्ती होती, तेच त्यांनी तिघांत वाटायला लावले. राज्य एक राहिले असते तर तेलुगू, मराठी, कन्नड अशा तिन्ही प्रदेशांत ओळख असलेला पुढारी म्हणून त्यांचे वजन वाढलेच असते. तुटल्यावर ते कोणत्याच एका तुकड्याचे हक्काचे पुढारी उरले नाहीत. त्यांनी हे जाणून केले. देगलूरचा बाजार दुभंगला, जुक्कलच्या आजोबांच्या मुलीचे सासर परराज्यात गेले. ही किंमत खरी आहे आणि ती नाकारण्यात अर्थ नाही. तरीही तीन भाषांची रयत उर्दू फर्मानांच्या जागी आणखी एका परक्या भाषेत अर्ज लिहीत बसली असती तर ते अधिक वाईट झाले असते, असे माझे मत आहे.

नांदेडला परतताना पीपल्स कॉलेज पाहावे. स्वामीजींच्या पुढाकाराने १९५० मध्ये नांदेड एज्युकेशन सोसायटी उभी राहिली आणि तिचे हे महाविद्यालय. विचारवंत नरहर कुरुंदकर इथेच शिकवत आणि पुढे प्राचार्य झाले. विष्णुपुरीच्या माळावर १७ सप्टेंबर १९९४ रोजी, मुक्तिदिनालाच, स्थापन झालेले स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे. नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली हे चार जिल्हे त्याच्या कक्षेत येतात. देगलूरची मुले पदवीसाठी त्याच विद्यापीठाचा अर्ज भरतात. जुक्कलच्या मुलांचे विद्यापीठ निजामाबादजवळ डिचपल्लीला आहे, तेलंगण विद्यापीठ.

वेळ असेल तर याच महामार्गाने पुढे हैदराबाद गाठावे. देगलूरपासून अंतर सुमारे २०० किलोमीटर. बेगमपेठेत स्वामीजींची समाधी आहे. २२ जानेवारी १९७२ रोजी ते हैदराबादेतच गेले. पोचमपल्लीला त्यांच्या नावाची ग्रामीण संस्था आहे, खेड्यातल्या तरुणांना धंदेशिक्षण देणारी. संसदेच्या नोंदींत मात्र त्यांचा पत्ता बदललेला दिसतो. १९५२ मध्ये ते गुलबर्ग्यातून निवडून गेले, म्हणजे कानडी मतदारांनी त्यांना पाठवले. १९५७ मध्ये, राज्य तुटून वर्षही झाले नव्हते तेव्हा, ते औरंगाबादमधून उभे राहिले आणि मराठी मतदारांनीही त्यांना निवडून दिले.